आमदारांनी मंत्र्यांना निवेदन दिलं... बरं, मग पुढं?

सकाळी मोबाईल उघडला की आमच्या सोलापूरच्या ग्रुपवर एक फोटो हमखास असतो. एका बाजूला आमदार, दुसऱ्या बाजूला मंत्री, मधे एक पांढरा कागद, दोघांनी दोन टोकं धरलेली आणि दोघंही कागद सोडून कॅमेऱ्याकडं बघतायत. खाली लिहिलेलं, "अमुक प्रश्नी मंत्रीमहोदयांची भेट, मंत्रीमहोदयांचा सकारात्मक प्रतिसाद." मग पंचवीस जणांचे हात जोडलेले, दहा जणांचे हार, आणि एखादा खवचट माणूस हळूच टाकतो, "हे गेल्या वर्षी पण दिलं होतं की बे."

अधिवेशन जवळ आलं की हे फोटो वाढतात. मला बरीच वर्षं वाटायचं हे सगळं नाटक आहे. मग माझ्या मामाच्या गावच्या पुलाच्या निमित्तानं मी स्वतः एका निवेदनाच्या मागं लागलो आणि कळलं की नाटक काही वेळा असतं, पण त्या कागदाला खरंच एक रस्ता असतो, आणि तो रस्ता माहीत नसला की आपण नुसते फोटो बघत बसतो. शेजारी एक काका आहेत, सरकारी ऑफिसातून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले, त्यांनी मला यातलं अर्ध्याहून जास्त शिकवलं. तेच इथं सोप्या भाषेत लिहितोय.

पूल म्हणजे काय मोठा नाही हो. मोहोळ तालुक्यात ओढ्यावर एक जुना नळ्यांचा पूल, पाऊस झाला की पाणी वरून जातं आणि पोरांची शाळा बुडते. गावातली सात-आठ मंडळी आमदारांकडं गेली, त्यांनी लगेच लेटरहेडवर पत्र करून दिलं, मंत्र्यांना भेटून दिलंसुद्धा. फोटो आला. गावात बॅनर लागला. पुढचं खाली सांगतो.

आमदाराकडं सही नसते

सगळ्यात पहिला गैरसमज हा, की आमदारानं मनावर घेतलं तर काम होतं. आमदार रस्ता मंजूर करत नाही. त्याच्या सहीनं टेंडर निघत नाही, इंजिनियरची बदली होत नाही, धरणाचं पाणी सुटत नाही. सही असते ती मंत्र्याची आणि त्यांच्या खात्यातल्या अधिकाऱ्यांची.

मग आमदाराकडं काय असतं? विचारायचा हक्क असतो. राज्यघटनेच्या कलम १६४ मधे लिहिलंय की मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे. म्हणजे सोप्या शब्दात, विधानसभेतले २८८ जण मंत्र्याला उभं करून "हे का झालं नाही" असं विचारू शकतात आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. तुम्ही आम्ही मंत्रालयात जाऊन असं विचारलं तर शिपाई आपल्याला बाकावर बसवतो. आमदाराची ताकद ही विचारण्याची आहे, करण्याची नाही, हा फरक डोक्यात बसला की बाकीचं सोपं जातं.

"पण त्यांना फंड असतो ना?" असतो. महाराष्ट्रात आमदाराला स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी आहे, २०२२ मधे ४ चे ५ केले. ५ कोटी ऐकायला लई वाटतात, पण मतदारसंघात १०० गावं धरली तर गावाला ५ लाख, त्यात सभामंडप नाहीतर थोडा सिमेंट रस्ता. मोठा पूल, पाण्याची योजना, रेल्वे, विमानतळ यातलं काहीच त्या पैशात बसत नाही. त्यासाठी मंत्र्याकडंच जावं लागतं.

पत्ता चुकला की कागद फिरतच राहतो

आता मामाच्या पुलाचं. साताठ महिन्यांनी गावात एक पत्र आलं, त्यातली एक ओळ मला पाठ आहे, "सदर रस्ता या विभागाच्या अखत्यारीत येत नसल्याने आपले पत्र उचित कार्यवाहीस्तव संबंधितांकडे पाठविण्यात येत आहे." मामा म्हणाला, म्हणजे मंजूर झाला का? मी म्हणलं नाही मामा, म्हणजे पाठवला.

झालं होतं असं, की पत्र दिलं होतं सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना. आणि रस्ता होता ग्रामीण मार्ग. रस्त्यांची एक वर्गवारी असते, राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे, राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग हे सार्वजनिक बांधकाम खात्याचे, आणि इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग हे जिल्हा परिषदेचे. डोळ्याला सगळे सारखेच दिसतात, खड्डेही सारखेच. पण ग्रामीण मार्गासाठी बांधकाम मंत्र्याला पत्र देणं म्हणजे वीज गेली म्हणून नळवाल्याला फोन करणं. चूक कुणाची म्हणाल तर आमचीच, पत्रात रस्त्याचा क्रमांकसुद्धा नव्हता, नुसतं "आमच्या गावचा पूल" लिहिलेलं.

सोलापूर शहरातलं पाणी घ्या. आपल्याकडं नळाला पाणी किती दिवसाआड येतं यावर लग्नाच्या तारखा ठरतात असं लोक चेष्टेनं म्हणतात. पाणी वाटपाचं काम महापालिकेचं. उजनी धरण जलसंपदा खात्याचं. उजनीपासून सोलापूरपर्यंतची ११० किलोमीटरची समांतर जलवाहिनी, रोज १७० दशलक्ष लिटरची, ती स्मार्ट सिटीतून. महापालिकेवर लक्ष ठेवणारं खातं नगरविकास. म्हणजे "पाणी कधी येणार" या एका प्रश्नाचे चार मालक. आमदारानं जलसंपदा मंत्र्याला विचारलं की आमच्या नगरात पाणी का नाही, तर ते सरळ सांगतील की धरणात पाणी आहे बघा, पुढचं आमचं नाही. आणि ते खोटं बोलत नसतील.

विमानतळाचं तर याहून गुंतागुंतीचं. होटगी रोडच्या विमानतळावरून विमान उडावं म्हणून किती वर्षं निवेदनं दिली गेली ते सोलापूरकरांना सांगायला नको. विमानं हा विषय केंद्राचा. परवाना द्यायचा केंद्राच्या यंत्रणेनं. साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी वाटेत येते हा वाद कोर्टात गेला, ती चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, टर्मिनलचं ऑनलाईन उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ ला झालं आणि गोव्याचं विमान सुरू झालं ९ जून २०२५ ला. चिमणी पडल्यापासून विमान उडेपर्यंत दोन वर्षं. चिमणी चांगली का वाईट हा वेगळा विषय, त्यात मी पडत नाही, आमच्या घरातच दोन मतं आहेत. सांगायचं इतकंच की इथं राज्यातला आमदार फार तर राज्याच्या मंत्र्याला विचारणार, पुढं खासदारानं दिल्लीत विचारायला लागतं.

आणि खासदारावरून आठवलं. सोलापूर जिल्ह्यात विधानसभेचे ११ मतदारसंघ आहेत, पण ते लोकसभेला तीन ठिकाणी वाटलेत. सहा सोलापूरला, चार माढ्याला, आणि बार्शी? बार्शी धाराशिवला. बार्शीचा माणूस रेल्वेचं निवेदन सोलापूरच्या खासदाराला देऊन आला तर ते घेतील, चहा पण पाजतील, पण मतदारसंघ त्यांचा नव्हे.

त्या पांढऱ्या कागदाचं पुढं काय होतं

समजा पत्ता बरोबर आहे. मंत्री कागद घेतात, कोपऱ्यात दोन शब्द लिहितात. याला शेरा म्हणतात. "तपासून सादर करावे", "नियमानुसार कार्यवाही करावी", "तातडीने प्रस्ताव सादर करावा". आपल्याला सगळे सारखे वाटतात. आमचे काका मात्र शेरा वाचून भविष्य सांगायचे. "नियमानुसार कार्यवाही" म्हणजे बहुतेक वेळा काही नाही, कारण नियमानुसार होत असतं तर तुम्ही आला असता कशाला? "प्रस्ताव सादर करावा" म्हणजे थोडी आशा.

शेरा मारलेला कागद खात्यात जातो, त्याला आवक नंबर पडतो, मग कक्ष अधिकाऱ्याकडं. हा माणूस टिप्पणी लिहितो, म्हणजे विषय काय, नियम काय म्हणतो, पैसे आहेत का, काय करावं. टिप्पणी अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी वर चढते. मधेच कुणीतरी विचारतं, जिल्ह्याचा अहवाल कुठाय? की कागद परत सोलापुरात. इथला इंजिनियर एस्टिमेट करतो, परत मुंबई. पैशाचा विषय आला की वित्त विभाग, तिथून शंका, परत खाली.

आपण सोलापूरकर, यंत्रमाग बघितलेला माणूस आहोत. फाईल म्हणजे मागावरचा धोटा. इकडून तिकडं, तिकडून इकडं, खडखडखड. आवाज भरपूर. पण धोट्यातल्या कांडीवर सूत असेल तरच चादर विणली जाते, कांडी मोकळी असली तर धोटा दिवसभर फिरला तरी एक बोट कापड होत नाही. फाईलच्या कांडीवरचं सूत म्हणजे तरतूद. अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागणीत (म्हणजे वर्षाच्या मधेच सभागृहाकडं मागितलेल्या जादा पैशात) त्या कामाला पैसे धरलेत का? गावाकडं याला "काम बजेटला आलं का" म्हणतात. बजेटला आलं नसेल तर मंत्री कितीही सकारात्मक असोत, फाईल खडखडत राहते.

बजेटला आलं की मग प्रशासकीय मान्यता, म्हणजे कामाला आणि खर्चाला सरकारचा होकार, ऑफिसातले लोक तिला नुसतं "प्रमा" म्हणतात. मग तांत्रिक मान्यता, म्हणजे नकाशा-एस्टिमेटला इंजिनियरचा होकार, मग टेंडर, मग वर्क ऑर्डर. बॅनर साधारणपणे प्रमा मिळाल्यावर लागतो, आणि लोकांना वाटतं की उद्या जेसीबी येणार.

मंगळवेढ्याच्या २४ गावांच्या उपसा सिंचन योजनेचं लोकांना माहीतच आहे. किती निवडणुका त्या एका योजनेवर लढवल्या गेल्या. कागद हालत नव्हता असं नाही, कागद सारखा हालत होता. आणि योजना जितकी लांबते तितका खर्च वाढतो, खर्च वाढला की मान्यता सुधारून घ्यायची, म्हणजे धोटा परत पहिल्यापासून.

एक कायदा मात्र कामाचा आहे, २००५ चा, बदल्या आणि दप्तर दिरंगाईचा. त्यात म्हणलंय की कुठल्याही सरकारी माणसानं फाईल आपल्या टेबलावर ७ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नाही, दुसऱ्या खात्याला विचारायची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, गरज असेल तर ३ महिने. कायदा आहे. पाळतात का हे तुम्हाला माहितीय. पण पत्रात या कायद्याचा उल्लेख केला की समोरचा माणूस जरा सरळ बसतो एवढं मी स्वतः बघितलंय.

कानात सांगणं वेगळं आणि वर्गात उभं करणं वेगळं

निवेदन म्हणजे बाईंच्या कानात जाऊन सांगणं, की बाई, याने माझी वही घेतली. बाई म्हणतात, बरं बघते. विषय संपला. आता याच बाईंनी भर वर्गात त्याला उभं करून विचारलं, वही घेतलीस का? कधी घेतलीस? परत कधी देणार? तर? सगळा वर्ग बघतोय, हजेरीबुकात नोंद होतीये.

सभागृहातला तारांकित प्रश्न हा असला प्रकार आहे. प्रश्नावर खरंच चांदणी छापलेली असते म्हणून तारांकित. याचं उत्तर मंत्र्यानं उभं राहून तोंडी द्यायचं आणि त्यावर आमदारानं लगेच उपप्रश्न विचारायचा, "मंत्रीमहोदय म्हणतात काम सुरू आहे, तर किती टक्के झालं?" चांदणी नसलेला तो अतारांकित, त्याचं उत्तर फक्त लेखी येतं, उपप्रश्न नाही. प्रश्न अधिवेशनाच्या बरेच दिवस आधी द्यावा लागतो, अध्यक्षांनी स्वीकारावा लागतो, आणि प्रश्नोत्तराच्या तासात मोजक्याच प्रश्नांचा नंबर लागतो, बाकीच्यांची उत्तरं लेखी ठेवली जातात.

पण खरी मजा तोंडी उत्तरात नाही, ती खाली जिल्ह्यात आहे. काका सांगायचे, ऑफिसात "एलएक्यू आलाय" असं कुणी ओरडलं की जेवणाचे डबे बंद व्हायचे. एलएक्यू म्हणजे विधानसभेचा प्रश्न. मुंबईहून निरोप येतो की उद्या अकरापर्यंत माहिती पाठवा. मग ज्या फाईलवर वर्षभर धूळ होती ती शोधायला तीन माणसं कपाटावर चढतात, साईटवर जाऊन फोटो काढले जातात, कंत्राटदाराला फोन जातो. रात्री दहाला टायपिंग चाललेलं असतं. साध्या निवेदनानं जे वर्षात होत नाही ते एका एलएक्यूनं दोन दिवसांत होतं, म्हणजे काम नाही होत, पण फाईल सापडते तरी. आणि आपल्याकडं फाईल सापडणं ही छोटी गोष्ट नाही.

प्रश्नाची भाषा एकदा बघाच. "(१) मोहोळ तालुक्यातील अमुक पूल पाण्याखाली जातो, हे खरे आहे काय? (२) असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय? (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि उत्तर, "(१) हे अंशतः खरे आहे. (२) होय. (३) प्रश्न उद्भवत नाही." पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता, प्रश्न उद्भवत नाही म्हणजे काय, पाणी उद्भवतंय की! पण "अंशतः खरे आहे" हे तीन शब्द सरकारनं लेखी मान्य केले, हे लक्षात घ्या. उद्या कुणी म्हणू शकत नाही की असा पूलच नाही. म्हणून आमदारानं प्रश्न नीट लिहिणं फार महत्त्वाचं, मोघम विचारलं की उत्तर मोघम. तारीख, रस्त्याचा क्रमांक, मंजूर रक्कम घालून विचारलं की पळायला जागा राहत नाही.

लक्षवेधी, औचित्य आणि शंभर रुपयांची कपात

प्रश्न सोडून बाकीचीही हत्यारं आहेत. लक्षवेधी सूचना म्हणजे तातडीच्या, लोकांच्या महत्त्वाच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधणं. मंत्री निवेदन करतो, मग त्यावर प्रश्न होतात. हिचा दणका मोठा असतो कारण एकाच विषयावर चार आमदार उठतात आणि मंत्री कात्रीत सापडला की तिथंच "चौकशी लावतो" म्हणून टाकतो.

औचित्याचा मुद्दा हा हलका प्रकार. आमदार उठतो, आपल्या भागातली गोष्ट मिनिटभरात मांडतो, बसतो. मंत्र्यानं तिथल्या तिथं उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. यूट्यूबवर क्लिप छान बनते. मी काही सगळ्यांना नावं ठेवत नाही, काही वेळा तेवढंच हातात असतं, पण "आमदारांनी विधानसभा गाजवली" असा मथळा आला तर क्लिप कशाची आहे ते बघा, प्रश्नाची का औचित्याची.

मला सगळ्यात आवडतो तो कपात सूचनेचा प्रकार. खात्याच्या पैशाची मागणी सभागृहात येते तेव्हा सदस्य म्हणू शकतो की यातले १०० रुपये कमी करा. कोट्यवधीतले शंभर! अर्थ असा, की तुमच्या या एका कामावर मी नाराज आहे आणि त्यावर मला बोलायचंय. घरात भाजी खारट झाली तर आपण जेवण टाकत नाही, पण एक घास बाजूला काढून ठेवतो, करणारीला बरोबर कळतं.

"सभागृहात मंत्री हो म्हणाले, मग झालं की!"

झालं नाही, पण मोठी गोष्ट झाली. सभागृहात मंत्री जे बोलतो ते कामकाजाच्या अहवालात छापलं जातं, आणि "करू", "तपासू", "कार्यवाही चालू आहे" असं म्हणलं की ते आश्वासन धरलं जातं. त्यासाठी आश्वासन समिती नावाची वेगळी समितीच आहे, विधानसभेची वेगळी, विधान परिषदेची वेगळी. तिचं काम हेच, की मंत्र्यानं अमुक तारखेला शब्द दिला होता, त्याचं काय झालं? अधिकाऱ्यांना बोलावून विचारतात. लोकसभेत आश्वासन पुरं करायला ३ महिने धरतात, नाही जमलं तर मुदतवाढ मागायला लागते.

मंत्र्यानं केबिनमधे चहा पिताना दिलेला शब्द यात येत नाही. तोच मंत्री, तेच शब्द, पण आत बोलला तर नोंद आणि बाहेर बोलला तर वारा. म्हणून फोटोखालच्या "सकारात्मक प्रतिसाद"ला मी फार भाव देत नाही.

"आमचा आमदार विरोधी पक्षात, त्याचं कोण ऐकतंय?"

हे खोटं नाही. निधीवाटपात डावलल्याची तक्रार विरोधी आमदार करतात, ते सत्तेत आले की आताचे सत्ताधारी तीच तक्रार करतात. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात, तिथं त्यांच्या जवळच्यांची कामं आधी बसतात हे कुणालाही विचारा.

पण आपल्याच जिल्ह्यात दुसरी बाजूही आहे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले, शेतकरी कामगार पक्षाचे, दोनदा थोडा काळ मंत्री होते, बाकी सगळी हयात विरोधी बाकावर. माणदेशात कृष्णेचं पाणी आणायचा विषय त्यांनी आणि दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदेनं इतकी वर्षं लावून धरला की सरकारं बदलली पण विषय बदलला नाही. टेंभू, म्हैसाळ ही कृष्णेचं पाणी उचलून आणणाऱ्या योजनांची नावं सांगोल्यात पोराटोरांना माहीत आहेत ती त्यामुळं. सत्तेतल्या आमदाराला आपल्याच मंत्र्याला सभागृहात अडचणीत आणायचं अवघड जातं, विरोधातल्याला ती लाज नसते. त्याचं हत्यार प्रश्न, सत्तेतल्याचं हत्यार केबिनचं दार. दोन्ही हत्यारंच आहेत, पण केबिनमधलं आपल्याला दिसत नाही.

आणि आडम मास्तरांचं उदाहरण तर सोलापूर शहरातलंच. नरसय्या आडम, माकपचे, तीनदा आमदार. विडी कामगार बायकांना स्वतःचं घर हा विषय धरला, कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरं उभी राहिली. पुढं आमदारकी गेली तरी विषय सोडला नाही, रे नगरची ३०,००० घरांची योजना, तिचं भूमिपूजन जानेवारी २०१९ ला आणि पहिल्या १५,००० घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला, दोन्ही पंतप्रधानांच्या हस्ते, जे त्यांच्या पक्षाचे कट्टर विरोधक. यात राज्य होतं, केंद्र होतं, बँका होत्या, आणि मुख्य म्हणजे मागं हजारो बायका मोर्चात होत्या. एका निवेदनावर झालेलं काम नाही ते.

"मग डायरेक्ट ऑनलाईन तक्रारच करू की"

करा ना. रस्त्यावरचा दिवा, कचरा, दाखला अडलाय, असल्या कामाला आमदाराकडं जायचीच गरज नाही, आपले सरकार पोर्टलवर टाका, महापालिकेत टाका. आमदारानं तेरवीला आणि बारशाला यावं, गटारही उपसावं, आणि विधानसभेत अभ्यास करून प्रश्नही विचारावा, हे सगळं एका माणसाला कसं जमेल? आपणच त्याला गटारात गुंतवतो आणि मग म्हणतो विधानसभेत काय बोलत नाही.

जे काम एका ऑफिसच्या हाताबाहेर आहे, ज्याला तरतूद लागते, दोन-तीन खाती लागतात, धोरण बदलायला लागतं, ते आमदाराचं.

आता मी फोटोखाली काय विचारतो

पहिलं, जावक नंबर. आमदारांच्या ऑफिसातून गेलेल्या पत्राला नंबर आणि तारीख असते, ती मागायची, त्यात लाजायचं काय. लोकप्रतिनिधीच्या पत्राला दोन महिन्यांत उत्तर द्यायचं असं सरकारनंच नोव्हेंबर २०२५ मधे अधिकाऱ्यांना सांगितलंय, त्यामुळं दोन महिने झाले की आमदारांच्या पीएला फोन करून उत्तर आलं का विचारायचं. पीए वैतागतो. वैतागू दे. नसेल आलं तर १० रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज, "अमुक जावक क्रमांकाच्या पत्रावर केलेल्या कार्यवाहीची टिप्पणीसह प्रत द्यावी", ३० दिवसांत उत्तर द्यायला लागतं. टिप्पणीसह हा शब्द विसरू नका, खरं सगळं टिप्पणीत असतं, कुठल्या टेबलावर कोण काय म्हणालं ते.

दुसरं, अधिवेशनाच्या दीड-दोन महिने आधी आमदारांकडं जायचं, चालू असताना नाही. आणि जाताना नुसतं दुःख घेऊन नाही जायचं, कागद घेऊन जायचं. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ग्रामीण मार्गाचा क्रमांक, पूल पाण्याखाली गेलेल्या तारखा, शाळेच्या हजेरीची झेरॉक्स, ग्रामसभेचा ठराव, सगळं एका प्लॅस्टिकच्या फाईलीत घालून नेलं. आमदारांनी फाईल उघडली, दोन मिनिटं वाचली, आणि पहिल्यांदाच फोटोग्राफरला न बोलवता पीएला बोलवलं.

या खेपेला पत्र ग्रामविकास खात्याला गेलंय, आणि शिवाय प्रश्नही दिलाय. जिल्हा परिषदेचा एक इंजिनियर टेप घेऊन ओढ्यावर येऊन गेला. तो टेप धरायला दुसरं टोक मामानंच पकडलं होतं, त्यानं घरी येऊन सगळ्यांना सांगितलं अठरा मीटर भरलं म्हणून. एस्टिमेट झालंय म्हणतात. बजेटला अजून आलं नाही. मामा रोज सकाळी फोन करतो, "आरं त्या कांडीला सूत लागलं का?"